ती घूं घूं माझी नव्हती

मित्रांनो, माझ्या नावानं एखादी शिवी तुम्हीही कधी हासडली असेल, म्हणून आधी ओळख देतो आणि मग भांडतो. मी साउंड कार्ड. कॉम्प्युटरच्या पेटीत बसणारी तळहाताएवढी हिरवी पट्टी. माईकमधून आलेला माणसाचा आवाज कॉम्प्युटरला कळेल असा करून द्यायचा आणि कॉम्प्युटरमधला आवाज स्पीकरकडे पोचवायचा, एवढंच माझं काम. मी गात नाही, बोलत नाही आणि घूं घूं तर मुळीच करत नाही. माझ्याकडे जे येतं तेच मी पुढे देतो. एवढी साधी गोष्ट सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका शहाण्या माणसाला कळली नाही, म्हणून आज मला तोंड उघडावं लागतंय.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तापलेल्या कथिलानं माझ्या अंगावर बारीक बारीक भाग डकवले, एका मुलीनं मला यंत्राला लावून तपासलं आणि माझ्यावर ‘पास’ची चिठ्ठी चिकटवली. ती चिठ्ठी अजून माझ्या पाठीवर आहे. पंधरा वर्षांपूर्वी एसटीच्या पार्सलमधून मी सोलापुरात उतरलो आणि महेश्वरच्या स्टुडिओत नोकरीला लागलो. स्टुडिओ म्हणजे त्याच्या घराची पुढची खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना चादरी ठोकलेल्या आणि दाराला जुनी गादी.

दिवस चांगले होते. रिक्षावर फिरणाऱ्या साडी सेलच्या जाहिराती, शाळांच्या गॅदरिंगची गाणी, विणकरांच्या घरची तेलुगू लग्नगीतं, उरुसाच्या कव्वाल्या, सगळं माझ्यातून गेलं. लोक हेडफोन कानाला लावून म्हणायचे, ‘‘काय आवाज आलाय, एकदम काचेवानी!’’ महेश्वर तेव्हा पेटीवर हात ठेवून कौतुकानं म्हणायचा, ‘‘कार्ड भारी आहे आपलं.’’ मीही हुरळून जायचो. कौतुक कुणाला नको असतं?

यंदाच्या एप्रिलात स्पीकरमधून घूं घूं सुरू झाली. एकसुरी, जाड, कुणी शेजारी माजघरात गिरणी लावलीय असं वाटावं अशी. त्या दिवसापासून माझं नशीब फिरलं. ‘‘काय बे, म्हातारा झालास का?’’ म्हणत महेश्वरनं पेटीवर पहिली चापट मारली. मग मला बाहेर काढलं आणि माझे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबरानं घासले. कुणीतरी सांगितलं म्हणून वायर बदलली, कुणीतरी सांगितलं म्हणून प्रोग्रॅम पुन्हा टाकला, स्पीकर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेला. मोबाइल लांब ठेवला, पंखा बंद केला आणि घामानं निथळत बसला. घूं घूं होती तिथंच. रोग रेड्याला अन् औषध पखालीला, दुसरं काय!

खरं दुखणं घरामागच्या बोळात होतं. तिथं अर्थिंगचा खड्डा आहे. घरातल्या यंत्रांमधली चुकार वीज मुकाट्यानं जमिनीत उतरावी म्हणून त्यात पाइप पुरून मीठ-कोळसा भरलेला असतो. पण जमीन ओली असेल तरच ती वाट चालते. महेश्वरचे वडील यंत्रमागांचे, म्हणजे लूमचे वायरमन होते. नळाला पाणी आलं की पहिली घागर ते त्या खड्ड्यात ओतायचे आणि मगच घरात पाणी भरायला घ्यायचे. ते गेले आणि घागरही गेली. पुढे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायला लागलं, तेव्हा महेश्वरनं साठवणीसाठी दोनशे लिटरचं निळं पिंप आणलं. बोळात सपाट जागा ती एकच, म्हणून खड्ड्यावर फरशी टाकली आणि त्यावर पिंप ठेवलं. वर दोनशे लिटर पाणी आणि खाली कोरडा ठणठणीत खड्डा! वीज जमीन शोधायची, वाट नाही म्हणून मागे फिरायची आणि पेटीच्या पत्र्यातून, वायरींतून माझ्या अंगात शिरायची. ती घूं घूं तिची होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तो संन्यासी मी.

हे सगळ्यात आधी ओळखलं ते महेश्वरच्या धाकट्या बहिणीनं, वैजयंतीनं. ती अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. एका बुधवारी संध्याकाळी ती आली, पेटीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

‘‘दादा, कार्डाला कशाला मारायलास? पेटीला झिणझिण्या यायल्यात की. अर्थिंग गेलंय. मीटर लावून बघू का?’’

‘‘तू लूमच्या मोटरी बघ बाई,’’ महेश्वर म्हणाला. ‘‘आवाजातलं मला कळतंय.’’

मित्रांनो, मला हात असते तर त्या वेळी मीच त्याला चापट मारली असती. वडिलांचं काम जिनं उचललं तिचं ऐकायचं नाही, कारण ती धाकटी आणि तीही बहीण. वैजयंती रागानं चप्पल घालून निघाली. जाताना एवढंच म्हणाली, ‘‘उद्या बिरदेवची आई यायलीय. तिचं तरी वाटोळं करू नको.’’

बिरदेव तिच्या कारखान्यात कामाला. त्याची आई कस्तुराबाई वळसंगच्या बाजूला मेंढरं राखते. तिच्या घराण्यात देवाची एक लांबलचक ओवी चालत आली आहे, म्हणायला पाऊण तास लागतो. ती पूर्ण येणारी कस्तुराबाई एकटीच उरली होती. घशात गाठ झाली होती आणि शनिवारी ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, नंतर आवाज पूर्वीसारखा राहील याचा भरवसा नाही. ती ओवी नातींना शिकता यावी म्हणून तिला गुरुवारीच, होत्या त्या गळ्यानं, भरून ठेवायची होती.

गुरुवारी ती आली. अंगानं वाळलेली, हातात चांदीचं जाड कडं. माईकच्या लोखंडी दांडीला कडं लागलं तसा तिनं हात मागे घेतला. ‘‘अगं बया! मुंग्या आल्या की रं ह्याच्यातनं!’’

‘‘काही नाही मावशी, कार्ड जुनं झालंय,’’ महेश्वर म्हणाला.

पुन्हा मीच! ती बाई विजेला हात लावून बसली होती आणि हा माणूस माझ्यावर ढकलून मोकळा.

तिनं डोळे मिटले आणि ओवी धरली. मित्रांनो, मी पंधरा वर्षांत हजारो गळे पाहिले, पण असा आवाज माझ्याकडे आला नव्हता. खालच्या पट्टीतला, खरबरीत, उन्हात तापलेल्या माळासारखा. मी जीव लावून तो झेलत होतो. दहा मिनिटं झाली आणि महेश्वरनं हात वर केला. ‘‘थांबा थांबा, घूं घूं यायलीय.’’

कस्तुराबाई थांबली, पण चेहरा उतरला. ‘‘मधीच थांबीवलं व्हय? देवाची ओवी हाय बाबा. आमच्यात ती मोडत न्हाईत. मोडली की पयल्या नमनापासनं धरावी लागती.’’

‘‘धरा की मग,’’ महेश्वर म्हणाला. किती सोपं त्याला!

तिनं पहिल्यापासून धरली. अर्ध्यावर आल्यावर त्यानं पुन्हा थांबवलं, पेटी उघडली आणि मला दाबून दाबून बसवलं. बिरदेव कळवळून म्हणाला, ‘‘दादा, तिच्या घशाला सोसत न्हाय ओ. असूं द्या की आवाज, नगा थांबवू आता.’’ कस्तुराबाईनं घोटभर कोमट पाणी घेतलं, तिसऱ्यांदा नमन धरलं आणि कुणाकडेही न बघता पाऊण तास गायली. शेवटी शेवटी गळा फाटत होता, पण एक कडवं सुटलं नाही. मी त्यातला कण न् कण कॉम्प्युटरला दिला. मागे घूं घूं होती, नाही म्हणत नाही. पण आवाज होता, पूर्ण होता आणि तिचाच होता.

शुक्रवारी सकाळी महेश्वरनं घूं घूं घालवायला घेतली. आवाज साफ करायचा प्रोग्रॅम लावला आणि त्याची पट्टी सरकवत सरकवत शेवटाला नेली. घूं घूं गेली. पण ती जिथं होती तिथंच, त्याच खालच्या पट्टीत, कस्तुराबाईच्या गळ्याचं सगळं वजन होतं. तेही तिच्याबरोबर खरवडून निघालं. आणि या शहाण्यानं ते त्याच फाइलवर सेव्ह केलं. मूळ भरलेलं वेगळं ठेवायचं असतं, हे पंधरा वर्षांच्या धंद्यात तो रोज करत आला होता. त्या दिवशी घाई होती. कसली घाई? कॉम्प्युटरचं दुकान उघडलं की माझ्या जागी नवं यंत्र आणायची.

दुपारी नवी चकचकीत डबी आली, पेटीला बाहेरून जोडायचं साउंड कार्ड. कानामागून आली अन् तिखट झाली! मला उपटून खिडकीत टाकलं, डबी जोडली, स्पीकर लावला. आणि घूं घूं आली, तीच, तशीच! खिडकीत पडल्या पडल्या मला इतका आनंद झाला आणि त्याच क्षणी इतकी चीड आली की काय सांगू. माझा निकाल लागला होता, पण फाइल गेली होती.

रविवारी सुट्टीच्या दिवशी वैजयंती मीटर घेऊन आली. कुणाला विचारलं नाही. एकटीनं पिंपातलं निम्मं पाणी बादल्यांत काढलं, पिंप कलतं करून बाजूला सरकवलं, फरशी उचलली. खड्ड्यातलं मीठ दगड झालं होतं. तिनं पाइपाची गंजलेली पट्टी घासून आवळली, नवं मीठ घातलं आणि दोन घागरी ओतल्या. जमीन ते पाणी गटागटा प्यायली. आत महेश्वरनं स्पीकर लावला. शांतता. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. ‘‘काखेत कळसा,’’ वैजयंती चिखलाचे हात धुता धुता म्हणाली, ‘‘अन् बडवून काढलं त्या बिचाऱ्या कार्डाला.’’

महेश्वरनं गुपचूप डबी दुकानात परत केली आणि मला जागेवर बसवलं. माफी मागितली नाही.

दीड महिन्यानं एका दुपारी कस्तुराबाई ओवी न्यायला आली. ऑपरेशन नीट झालं होतं, गळ्याला रुमाल होता. बिरदेव बरोबर होता आणि त्यानंच बोलावलं म्हणून वैजयंतीही आली होती. महेश्वरनं हेडफोन दिला. कस्तुराबाईनं मिनिटभर ऐकलं आणि बारीक, वाऱ्यासारख्या आवाजात विचारलं, ‘‘ह्यो कुणाचा आवाज म्हनायचा?’’

‘‘मावशी, तुमचाच की. ते... कार्ड खराब होतं त्या वेळी.’’

‘‘खोटं बोलू नको, दादा!’’ वैजयंती कडाडली. ‘‘कार्ड तेव्हाही चांगलं होतं, आत्ताही चांगलंय. पाणी घालायचा तुला कंटाळा. थांबवलंस तू. पुसलंस तू.’’

महेश्वर म्हणाला, ‘‘व्हय मावशी. माझ्याच हातून गेलं.’’

कस्तुराबाई रडली नाही. तिनं माईक पुढे ओढला. बिरदेव म्हणाला, ‘‘आई, डॉक्टरनी न्हाय म्हणून सांगितलंय.’’ तिनं नमन धरलं.

पाऊण तास, मित्रांनो. शब्द सगळे आले, पण गळा नव्हता. खालचा सूर लागायचा नाही, तिथं नुसती हवा यायची. कितीदा तरी अडखळली, पण मोडली नाही. महेश्वर समोर बसून होता. त्याला थांबवायची सोय नव्हती आणि उठून जायचीही नव्हती. शेवटचं कडवं संपल्यावर ती त्याला म्हणाली, ‘‘आता ह्यातलं काय सुदीक पुसायचं न्हाई. नातींना शब्द तरी घावत्याल.’’

म्हणून सांगतो, मित्रांनो, आणि रागानंच सांगतो. यंत्र कुरकुरलं की आधी त्याला बडवू नका. वायर कुठून येते ते बघा, जमिनीला पाणी घाला, भरलेलं मूळ जपून ठेवा आणि ज्याला कळतं त्याचं ऐका, मग ती तुमची धाकटी बहीण का असेना. त्या दुपारी माझ्यातून गेलेल्या आवाजात घूं घूं नव्हती, खरखर नव्हती, काही म्हणजे काही नव्हतं. इतका स्वच्छ आवाज मी आयुष्यात दिला नाही, आणि इतकी चीडही मला कधी आली नाही.