पाटीमागची भिंत

चुनेसाहेबांना खरं आडनाव होतं, पण ते फक्त हजेरीपटाला माहीत होतं. एकतीस वर्षं शहराच्या भिंतींवर चुना फासून घेतलेल्या माणसाचं दुसरं काय नाव पडणार? गंमत म्हणजे उभ्या जन्मात त्यांनी माणसाला मात्र कधी चुना लावला नाही. सरळ माणूस. इतका सरळ की त्याच्याशी बोलायला बसलं तर पाचव्या मिनिटाला आपल्यालाच पाठीला रग लागायची.

ते नगरपालिकेच्या भिंत-सफाई विभागात निरीक्षक होते. लोकांनी भिंतींवर काही लिहावं, काढावं, खरडावं आणि विभागाने ते पुसावं, असा हा व्यवहार. पुसणारी माणसं वेगळी. साहेबांचं काम दोन फोटो काढण्याचं. एक ‘आधी’, एक ‘नंतर’.

‘आधी’च्या फोटोत भिंत घाण आहे हे दिसायला हवं आणि भिंतीच्या डाव्या कोपऱ्याशी टेकवलेली पाटी दिसायला हवी. साधी शाळेतली दगडी पाटी, लाकडी चौकटीची. तिच्यावर खडूने भिंतीचा नंबर आणि तारीख. पाटीवरचं वाचता आलं नाही तर कारकून फोटो तोंडावर परत मारायचा. म्हणून साहेब पाटीपुढे उकिडवे बसत, एक डोळा मिटत आणि पाटीचा फोटो काढत. भिंतीचं त्यात जे चुकूनमाकून येईल ते येई. भिंत घाण आहे हे पटवायला वीतभर घाण पुरते, असं त्यांचं मत होतं.

‘नंतर’चा फोटो मात्र निगुतीने. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगली हे दिसायला हवं, म्हणून ते रस्ता ओलांडून जायचे, समोरच्या गच्चीवर चढायचे, उन्हाची वाट बघायचे. मग अख्खी भिंत, स्वच्छ, पांढरी, एकही डाग नसलेली. अशा रीतीने चुनेसाहेबांनी एकतीस वर्षांत कोऱ्या भिंतींचे शेकडो अप्रतिम फोटो काढले. एवढा मोठा काहीच-नाहीचा संग्रह त्या शहरात दुसऱ्या कुणाकडे नसावा.

प्रत्येक फोटोची एक प्रत कार्यालयात आणि एक साहेबांच्या घरी, पलंगाखालच्या सात खोक्यांत. बायको त्या खोक्यांना ‘सवती’ म्हणायची. केर काढताना झाडू अडला की म्हणायची, “मोठीला जरा सरकायला सांगा.”

तर विभागाला पन्नास वर्षं झाली आणि कार्यालयातून फोन आला, की स्मरणिका निघतेय, मुखपृष्ठावर टाकायला एखादी झकास भिंत द्या. निवृत्त माणसाला कार्यालयाचा फोन म्हणजे काय असतो, ते निवृत्त माणसालाच कळतं. साहेबांनी त्याच दुपारी एक सवत बाहेर ओढली, पलंगावर चादर अंथरली आणि वर्तमानपत्र वाचायचं भिंग घेऊन बसले.

दर ‘नंतर’च्या पाठीला टाचणीने ‘आधी’ लावलेला होता. साहेबांना फक्त ‘नंतर’ हवे होते. पण एक टाचणी गंजून तुटली आणि मागचा फोटो चादरीवर उताणा पडला. त्यात पाटी होती, नंबर होता, तारीख होती, सव्वीस वर्षांपूर्वीची. आणि वरच्या कडेला, गेरूने काढलेला, चौकटीत अर्धाच आलेला एक कान होता.

साहेबांना जुन्या सवयीने आधी रागच आला. पुष्कळ छळलं होतं या गेरूवाल्याने. नुसते पोपडे निघाले म्हणून यादीत घेतलेली भिंत, सकाळी जाऊन बघावं तर गेरूने रंगलेली. जणू मेल्याला यादी आधीच कळायची. त्यांनी तेव्हा कार्यालयाला तसं लेखी कळवलंही होतं.

मग त्यांनी भिंग जवळ नेलं. कानाच्या पाळीला खाच होती.

त्यांनी स्वतःचा डावा कान चाचपला. लहानपणी कुत्र्याने तोडलेली पाळी जागेवरच होती, म्हणजे जागेवर नव्हती. ते उठून आरशापर्यंत जाऊन आले आणि पुन्हा बसले. मग टाचण्या भराभर निघू लागल्या. एका फोटोत बूट, नाडी घोट्याला दोन वेढे देऊन बांधलेली. एकात पिशवी, तुटलेल्या बकलाच्या जागी सुतळी. एकात कोपर, बाहीवर ठिगळ. बूट त्यांचा, सुतळी त्यांची, ठिगळ बायकोच्या हातचं. शहराच्या भिंतींवर कुणीतरी तीन वर्षं चुनेसाहेबांना काढत होतं आणि चुनेसाहेब ते इमानेइतबारे पुसून घेत होते.

बायकोला हाक मारली. ती हात पुसत आली, चादरीवर नजर टाकली. हे काय, असं तिने विचारलं नाही. तिने विचारलं, “किती आहेत?”

“एक्केचाळीस.”

“बेचाळीस. एक चिकटला असेल कुठल्या तरी पाठीला.”

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. “तुला माहीत होतं?”

“न कळायला मी काय भिंत-सफाईत होते?” ती म्हणाली आणि खाली बसली. गुडघे दुखतात म्हणून ती एरवी खाली बसत नसे.

मग तिने जे सांगितलं, ते सांगताना ती साहेबांकडे न बघता चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत होती. त्यांची एकुलती एक मुलगी, चिमी, तेव्हा कॉलेजात होती आणि पहाटे दूध आणायला स्वतःहून जायची. दूध नाक्यावर मिळायचं आणि चिमीला पाऊण तास लागायचा. साहेबांना त्याचं कौतुकच होतं. मुलीला लवकर उठायची सवय लागली, असं ते चारचौघांत सांगत. उद्याच्या भिंतींची यादी ते रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवत. चिमी त्यातली सगळ्यात जवळची भिंत निवडायची. नखांत गेरू राहायचा, तो आई घासून काढायची.

“पण भिंतीवर कशाला?” साहेबांनी विचारलं.

“तिचं म्हणणं, बाबा दिवसभर भिंतीकडेच बघतात. तेव्हा तिथंच जाऊन उभं राहिलेलं बरं.”

तिने आईशी पैज लावली होती. बाबा ओळखतील, दहा भिंतींच्या आत. आईने शब्दानेही सुचवायचं नाही, तशी शपथच घातलेली. दहा झाल्या. मग म्हणाली, आणखी पाच. मग म्हणाली, पावसाळ्यात उजेड कमी असतो, ते धरायचे नाहीत. हरली तरी पोरगी खेळत राहिली.

“आणि तू गप्प बसलीस.”

“शपथ होती. आणि मला वाटायचं, आज ना उद्या ओळखाल. तुमचाच तर चेहरा होता.”

साहेबांनी फोटो तारखेप्रमाणे लावायला घेतले. त्यांना दुसरं काही सुचेना, आणि तारखेप्रमाणे लावणं त्यांना येत होतं. लावता लावता त्यांचा हात हळू झाला.

पहिल्या वर्षी माणूस भिंतीएवढा असणार, कारण चौकटीत फक्त बुटाचं टोक आलेलं. पुढे गुडघा. मग पिशवी, कोपर, कान. माणूस लहान होत होता आणि डावीकडे सरकत होता. महिन्या-महिन्याला, एकेक हात. पाटीच्या दिशेने.

तिला कसं कळत होतं, चौकटीत किती येतं ते? हा प्रश्न त्यांनी मोठ्याने विचारला नाही, कारण उत्तर त्यांना येत होतं. दर रविवारी ते जेवणाच्या टेबलावर कार्यालयाच्या वहीत फोटो चिकटवत आणि समोर डिंकाची बाटली घेऊन चिमी बसायची. ती डिंक लावून फोटो पुढे करायची, ते चिकटवायचे. प्रत्येक फोटो तिने त्यांच्या हातात दिला होता. देताना जरा धरून ठेवायची, सोडायची नाही, हे त्यांना आठवलं. “सोड की,” असं ते म्हणत असत.

एक्केचाळिसाव्या फोटोत माणूस अख्खा होता. पाटीशेजारी, हातभर उंचीचा, उकिडवा बसलेला, एक डोळा मिटून, कॅमेरा रोखून. म्हणजे त्या सकाळी दोन चुनेसाहेब समोरासमोर बसून एकमेकांचे फोटो काढत होते. गेरूचा साहेब यांच्याकडे बघत होता. हे पाटीकडे बघत होते. पाटी अगदी स्वच्छ वाचता येत होती.

बेचाळिसावा बायकोने शोधून दिला. त्यात माणूस नव्हता. रिकामी भिंत आणि कोपऱ्यात पाटी. साहेबांना वाटलं, बायको मोजायला चुकली. मग भिंगातून त्यांना पाटीच्या भोवती, बोटभर बाहेर, गेरूची रेघ दिसली. चारही बाजूंनी. चौकटीच्या लाकडावरचे खिळेसुद्धा रेखाटले होते. चिमीने भिंतीवर पाटी काढली होती. आणि साहेबांनी आपली पाटी नेमकी तिच्यावर टेकवली होती.

“त्या दिवशी दूध घेऊन आली ना,” बायको म्हणाली, “तेव्हा म्हणाली, आज काढलं नाही, सरळ लिहूनच आलेय. आता वाचतीलच.”

“काय लिहिलं होतं?”

“मला नाही सांगितलं. म्हणाली, बाबांचं आहे.”

साहेब आठवायला बसले. पाटी टेकवण्यापूर्वी भिंत त्यांच्या डोळ्यांपुढे होती, म्हणजे ते त्यांनी पाहिलं असलंच पाहिजे. त्यांनी डोळे मिटले. त्यांना त्या सकाळचं ऊन आठवलं, ते फार छान होतं. चुन्याची बादली आठवली. अक्षर एक आठवेना.

“त्या रात्री जेवताना तुम्ही बोललात ते आठवतंय?” बायकोने विचारलं. “नसेलच. तुम्ही म्हणालात, आज पाटी ठेवायला आयती चौकट मिळाली. कुणीतरी शहाणा माणूस दिसतोय.”

“मग चिमी?”

“हसली. पोळी आणखी एक मागून घेतली.”

त्यानंतर भिंतींवर गेरू नाही. नुसते पोपडे. महिनाभराने चिमीने दुसऱ्या गावी नोकरी धरली. पुढे लग्न, संसार. रागावून गेली नाही, कधी भांडली नाही. दर रविवारी फोन करते, रक्तदाब विचारते. लोक म्हणतात, मुलगी असावी तर अशी.

तो दिवस मंगळवार होता. साहेबांनी फोन लावला तेव्हा चिमी विमा कार्यालयात आपल्या खिडकीत बसलेली होती. पहिलं वाक्य तिचं होतं, “आईला काही झालं का?”

आई बरी आहे, असं सांगून साहेबांनी जमेल तसं सांगितलं. कान, बूट, सुतळी. पलीकडे बराच वेळ फक्त शिक्के मारल्याचा आवाज येत राहिला.

“ते अजून ठेवलंत तुम्ही?” ती म्हणाली. “बरं केलंत.”

“मी ओळखलं, चिमे.”

“हो ना. छान झालं.”

“पाटीत काय लिहिलं होतंस?”

“कुठल्या पाटीत, बाबा?”

“शेवटच्या. दूध आणायला गेली होतीस तेव्हा.”

“सव्वीस वर्षं झाली हो. काहीतरी पोरकट असेल.”

“आठवून बघ ना जरा.”

“बघते,” चिमी म्हणाली. तिचा आवाज गोड होता. सबंध दिवस खिडकीपुढच्या माणसांना, तुमचा कागद सापडत नाही, उद्या या, असं सांगून कमावलेला गोडवा. “दुपारची गोळी घेतलीत का?”

साहेबांनी गोळी घेतली नव्हती. तिने ती घ्यायला लावली, फोन चालू ठेवून, गिळल्याची खात्री करून घेतली. मग रविवारी बोलू म्हणाली. तिला खरंच आठवत नव्हतं की सांगायचं नव्हतं, हे साहेबांना कळलं नाही. माणसाच्या आवाजातलं कळायची त्यांना कधी सवयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी कार्यालयाचा कारकून फोटो न्यायला आला. साहेबांनी त्याला बेचाळिसाव्या भिंतीचा ‘नंतर’ दिला. गच्चीवरून काढलेला, कोवळ्या उन्हातला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कारकून फोटो लांब धरून बघत राहिला.

“वा, साहेब. शोधून एक डाग सापडायचा नाही.”

“नाही सापडत,” साहेब म्हणाले. “मी शोधलाय.”

कारकून गेल्यावर ते स्वयंपाकघरात गेले. निरोपसमारंभात विभागाने त्यांना शालीऐवजी ती पाटीच दिली होती, आणि बायकोने ती यादीच्या जुन्याच खिळ्याला लावली होती, संपलेलं सामान लिहायला. साहेबांनी पाटी काढून खाली ठेवली. मागे भिंतीवर पाटीएवढाच एक चौकोन होता, बाकीच्या भिंतीपेक्षा जरा उजळ. ते त्याच्यापुढे उभे राहिले. मग भिंग आणून उभे राहिले.

“काय शोधताय?” बायकोने विचारलं.

“काही नाही.”

तिने त्यांच्या हातातलं भिंग बघितलं आणि चौकोनाकडे बघितलं.

“लावा ती परत,” ती म्हणाली. “मीठ लिहिलंय तिच्यावर.”