फटीवरची काच

मित्रांनो, मी एक जुनी काचेची पट्टी आहे. वीतभर लांब, दोन बोटे रुंद. माझी दोन्ही टोके प्लास्टरमध्ये घट्ट बसवली आहेत आणि मधला भाग भिंतीतल्या एका फटीवर आडवा आहे. जन्माने काच आणि नशिबी काचणे! तुम्ही खुशाल हसा. मला मात्र हसायचीही चोरी, कारण जरा हलले तर तुटणार.

मी मूळची एका तावदानाची. काचवाल्याने ते मापात कापले आणि मी कडेला उरले. तो मला फेकणार तोच एका इंजिनियरसाहेबांनी मागून घेतले. मला वाटले, आता आपण खिडकीत बसणार, रस्ता बघणार. कसले काय! त्यांनी मला या खोलीत आणून भिंतीला जखडले.

इथे शिवणकाम करणाऱ्या एक बाई सासऱ्यांसह भाड्याने राहत होत्या. खिडकीबाहेर एक जुने, भले थोरले झाड. त्याच्या सावलीत बाईंचे मशीन दिवसभर चाले. त्या झाडासाठीच त्यांना हे घर विकत घ्यायचे होते. पण भिंतीत फट दिसली आणि माशी शिंकली.

साहेब म्हणाले, "फट जुनी असेल, नाहीतर झाडाची मुळं भिंत ढकलत असतील. फट वाढली तर ही काच तुटेल, वर्षभर तिच्यावर लक्ष ठेवा. शाबूत राहिली तर डोळे झाकून घर घ्या. तुटली तर आधी झाड काढावं लागेल. आणि या भिंतीला कुणी हात लावायचा नाही!"

घरमालक थांबायला कबूल झाले. अकरा महिने मी जीव मुठीत धरून राहिले. ऊन तापले, पाऊस कोसळला, मी जागची हलले नाही. बाई रोज सकाळी मला निरखून म्हणत, "शाबास गं!" तेवढ्यावर माझा दिवस जाई.

एका दुपारी बाई कापड आणायला गेल्या आणि आजोबांना, म्हणजे बाईंच्या सासऱ्यांना, आपला दाढीचा आरसा माझ्याच उजेडाच्या भिंतीवर हवासा वाटला. त्यांनी हातोडी घेतली. पहिल्या ठोक्याला मी थरथरले, तिसऱ्याला तडकले. आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी खिळा उपटला, भोक साबणाने बुजवले आणि वर्तमानपत्र उघडून बसले.

संध्याकाळी बाईंनी साहेबांना फोन लावला. त्यांनी एवढेच विचारले, "तुटली का?"

"तुटली," बाई म्हणाल्या. झाले, झाडाचा निकाल लागला.

भिंत तसूभरही सरकली नव्हती. पण मला एकच गोष्ट सांगता येते, ती तुटून; आणि ती तर सांगून झाली होती. कशी तुटले, हे कसे सांगणार? बाई मशीनवर बसून डोळे पुसत होत्या, आजोबा खाली मान घालून जेवत होते, आणि मी दोन्हीकडून जखडलेली ते बघत होते. इतकी अगतिक मी कधीच झाले नव्हते.

चौथ्या दिवशी करवतवाले आले. खिडकीसमोरची मोठी फांदी धाडकन कोसळली आणि खोलीत भसकन ऊन शिरले. आजोबा ताडकन उठले. "थांबा रे, थांबा! सूनबाई, खिळा मी ठोकला गं. आरशासाठी."

"बाबा, चार दिवस गप्प बसलात?"

"तू रागावशील म्हणून..."

"आता रागावू की रडू, तुम्हीच सांगा!"

साहेब धावत आले. माझ्या चिरेवरून त्यांनी नख फिरवले. ते कुठेच अडकले नाही; माझे दोन्ही तुकडे एकमेकांना चिकटूनच होते, भिंत सरकली असती तर त्यांत अंतर पडले असते. "फट हललेलीच नाही. मी येऊन बघायला हवं होतं," ते ओशाळून म्हणाले. त्यांनी शेजारी नवी पट्टी बसवली, ती शाबूत राहिली आणि बाईंनी घर घेतले.

झाड उभे आहे, पण एका अंगाने बोडके. बाईंनी खिडकीला जाड पडदा शिवला आहे. आजोबा रोज झाडाला तांब्याभर पाणी घालतात. एवढ्या झाडाला तांब्याभर पाण्याने काय होणार! पण त्यांना कुणी हसत नाही.

मी अजून इथेच अडकून आहे. मला काढायचे कुणाच्या लक्षातच आले नाही. मित्रांनो, तुमच्या हातून काही तुटले, तर त्याच दिवशी सांगा. आम्हा तुटलेल्यांकडे बघून माणसे भलत्यालाच दोषी ठरवतात, आणि आम्हाला 'तो नव्हता' एवढेही म्हणता येत नाही.