डाव्या पंखाची टाकी

फरिदाबादच्या त्या घरात गाडी रस्त्यावर उभी असायची आणि गॅरेजमध्ये विमान. अख्खं विमान नव्हे, सध्या त्याचा डावा पंख तेवढा तयार होता. तो दोन लाकडी घोड्यांवर आडवा पडलेला असायचा, आणि बाकीचं विमान भिंतीशी रचलेल्या खोक्यांमध्ये गप्प बसून होतं. श्रीरंग आजोबा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी सुटे भाग मागवून घरी जोडायचं, दोन माणसं बसतील एवढं विमान आणलं. सुमित्रा आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "लोक निवृत्त झाले की तीर्थयात्रेला जातात. आमचे हे गॅरेजमध्ये गेले ते अजून परतले नाहीत."

त्यांची नात स्वानंदी सहावीत होती. शाळेतून आली की दप्तर जिन्यात टाकून ती थेट गॅरेजमध्ये शिरायची. तिथे तिला प्रश्न विचारायची पूर्ण मुभा होती. आजोबा एकाही प्रश्नाला "मोठी झालीस की कळेल" असं म्हणत नसत. फार तर म्हणत, "तुला काय वाटतं?" आणि मग चष्मा कपाळावर चढवून खरोखरच ऐकत बसत.

पंखाच्या पुढच्या कडेत पेट्रोलची टाकी बसायची होती. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची, लांबट, एका बाजूला गोलसर. पत्रे रिव्हेटनी, म्हणजे ठोकून बसवायच्या बारीक खिळ्यांनी, जोडायचे आणि प्रत्येक सांध्यावर आतून करड्या रंगाचा चिकट लेप द्यायचा, म्हणजे पेट्रोल कुठूनही झिरपत नाही. त्या लेपाला सडक्या कांद्यासारखा वास येई. आजीने तो वास घरात यायला बंदी घातली होती. वासाला बंदी कळत नव्हती, ही गोष्ट वेगळी.

टाकीच्या आतला एक कोपरा असा अडचणीचा होता, की आजोबांचा पंजा तिथे पोचेना. दोनदा बोटं खरचटली, तेव्हा त्यांनी स्वानंदीकडे पाहिलं. "हातमोजे घाल. हा कोपरा तुझा."

"मी? यार आजोबा, चुकलं तर?"

"चुकलं तर कळेल. घाई करू नकोस. बोट उचलायचं नाही, नुसतं सरकवायचं."

स्वानंदीने जीभ दातांत धरून तो कोपरा लिंपला. मग आजोबांनी मागचा पत्रा बसवला, रिव्हेट ठोकले, आणि तो कोपरा कायमचा आत बंद झाला. आता तो कुणालाच दिसणार नव्हता. टाकी गळली, तर पत्रा कापून सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं. आजोबांनी आधीच बजावलं होतं, "गळकी टाकी पंखात जाणार नाही. पेट्रोल म्हणजे काही उतू गेलेलं दूध नव्हे, फडक्याने पुसून भागायला."

जानेवारीची दिल्लीकडची थंडी, लेप वाळता वाळेना. म्हणून गॅरेजमध्ये हीटर लावला होता. लेप नीट घट्ट झाल्यावर, रविवारी सकाळी आजोबांनी टाकीची सगळी भोकं बंद केली. फक्त हवेच्या नळीचं तोंड मोकळं ठेवलं. आत थोडी हवा भरली आणि त्या नळीच्या तोंडावर लाल फुगा चढवून दोऱ्याने बांधला. फुगा छाती काढून ताठ उभा राहिला.

"संध्याकाळपर्यंत असाच उभा राहिला, तर टाकी पास," आजोबा म्हणाले. "खाली बसला, तर हवा कुठून तरी पळतेय. जिथून हवा पळते तिथून पेट्रोलही पळेल."

त्या दिवशी दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात दिल्लीकर मराठी मंडळींचा तिळगुळाचा कार्यक्रम होता. स्वानंदीचा बाबा, सुधन्वा, सगळ्यांना गाडीतून घेऊन गेला. आजीला सगळ्या मैत्रिणी भेटल्या. आजोबांना नेहमीप्रमाणे एकाने विचारलं, "काय, उडालं का तुमचं?" आणि ते नेहमीप्रमाणे म्हणाले, "अजून जमिनीवरच रमलंय." स्वानंदीचं मात्र कशातच लक्ष नव्हतं. तिळाची वडी हातात धरून ती तो कोपरा आठवत होती. आपण बोट उचललं होतं का मध्येच? नाक खाजलं होतं तेव्हा?

घरी आल्यावर ती चपला न काढताच गॅरेजमध्ये धावली. फुगा एका बाजूला मान टाकून लोंबत होता.

 मागून आजोबा आले. "अरेच्चा! मलूल झालाय."

"मलूल म्हणजे?"

"तुझं तोंड आत्ता झालंय तसं."

स्वानंदीला हसू आलं नाही. "माझाच कोपरा आहे आजोबा. मला माहितीये. मी आता कशालाच हात लावणार नाही."

आजोबा स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले. "तुझा कोपरा आहे, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग टाकीलाच विचारू. उगाच कुणावर आळ कशाला?"

तेवढ्यात आजी पदर खोचत दारात आली. फुगा पाहून तिला सगळं कळलं. "एवढं काय त्यात? गॅसचा सिलिंडर बदलला की मी साबणाचा फेस लावून बघतेच ना? गळत असेल तिथे बुडबुडा येतो. थांबा, आणते."

आजीने वाटीत फेस आणला, सोबत जुना दाढीचा ब्रश. आजोबांनी टाकीत पुन्हा थोडी हवा भरली. स्वानंदीने आधी आपल्याच कोपऱ्यावर बाहेरून फेस थापला आणि श्वास रोखून पाहत राहिली. बुडबुडा नाही. मग शेजारचा सांधा, मग वरची कड, मग झाकण. एकाही ठिकाणी बुडबुडा नाही. जादा भरलेली हवा आजोबांनी पुन्हा सोडून दिली, आणि फुगा पहिल्यासारखाच लोंबला.

"मग हवा गेली कुठे?" तिने विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"आजोबा! आज तरी सांगा ना सरळ!"

आजोबांनी सांगायला तोंड उघडलं, काय वाटलं कोण जाणे, पुन्हा मिटलं आणि पेचकस शोधायला लागले. तो त्यांच्या खिशातच होता.

बारीकशी फुस ऐकू येते का बघावं, म्हणून स्वानंदीने टाकीला कान लावला आणि चटका बसावा तशी मागे सरकली. "बापरे, बर्फ आहे नुसता! सकाळी तर कोमट लागत होती." ती गर्रकन वळली. "हीटर कुणी बंद केला?"

"मी," आजी म्हणाली. "घराबाहेर पडताना सगळी बटणं बंद करायची, हे मी ऑफिसात तीस माणसांना शिकवलंय. रिकाम्या खोलीला कशाला हवी ऊब?"

"रिकामी नव्हती आजी, टाकी होती!" स्वानंदी फुग्याकडे बघत राहिली. मग हळूहळू म्हणाली, "थंडीत आपण रजईत कसे आखडून बसतो... हवापण तशी आखडते का? म्हणजे ती पळाली नाही. आतच आहे, पण लहान होऊन बसलीये."

आजोबांचा चेहरा उजळला, पण ते एवढंच म्हणाले, "बटण कुठे आहे, तुला माहितीये."

हीटर लागला. तिघंही स्टुलांवर आणि खोक्यांवर बसून तिळाच्या वड्या खात फुग्याकडे टक लावून बसले. सुधन्वा चहा घेऊन आला तोही तिथेच थांबला. बराच वेळ काही झालं नाही. मग फुग्याची मान जराशी हलली. तो अर्धवट उठला, एका कुशीवर कलला, आणि शेवटी ताठ उभा राहिला.

"आला! आला!" सुधन्वाने कप खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. "चलो, बसवा टाकी!"

"नाही," स्वानंदी म्हणाली. "अजून एकदा. एकदाच झालं तर ते असंच झालं असेल. आता दार उघडून पुन्हा गार करायचं. फुगा बसला पाहिजे, आणि हीटर लावल्यावर पुन्हा उठला पाहिजे. तरच मी मानणार."

 आजोबांनी चष्मा काढून पुसला. नोकरीत त्यांनी मोठमोठ्या हुद्द्यांची माणसं पाहिली होती, पण मनासारखं उत्तर आल्यावर ते पुन्हा तपासा म्हणणारी थोडीच.

"बिल्कुल," ते म्हणाले. "सुमित्रा, बटण बंद करण्याचा मान तुझा."

"आता करायला सांगताय, मघाशी याच बटणावरून बोलणी खाल्ली ना मी?" असं म्हणत आजीने मोठ्या रुबाबात बटण दाबलं. दार उघडलं, बाहेरचं धुकं आत आलं, सगळे शालीत शिरले. फुग्याने मान टाकली. दार लावलं, हीटर पेटला, वड्यांचा डबा रिकामा झाला. आणि फुगा पुन्हा उठून उभा राहिला. या वेळी स्वानंदीने जी आरोळी ठोकली, ती ऐकून रस्त्यावरची कुत्री भुंकायला लागली.

मग टाकी पंखात गेली. आजोबांनी आणि सुधन्वाने दोन टोकं धरली, आणि स्वानंदी मधोमध उभी राहून "इकडे, थोडं इकडे, बस!" असा हुकूम सोडत राहिली. एक भोक काही केल्या जुळेना. आजीने पत्र्याच्या ट्रंकेचं झाकण लावावं तसा तळव्याने हलका दणका दिला, आणि ते जुळलं.

"सगळे स्क्रू आधी सैलच लावायचे," आजोबा म्हणाले. "पहिलाच आवळला तर शेवटचा रुसतो."

सगळे सैल लागले. मग एकेक आवळत आवळत पेचकस स्वानंदीच्या कोपऱ्यापाशी आला, तेव्हा आजोबांनी तो तिच्या हातात दिला. तिने शेवटचा फेरा दिला आणि पंखावरून हात फिरवला. टाकी आणि पंख यांच्यामधली फट बोटाला जेमतेम लागत होती.

"आजोबा, उजव्या पंखाची टाकी कुठल्या खोक्यात आहे?"

"का? तू तर कशाला हात लावणार नव्हतीस."

"तिचे सगळे कोपरे माझे," स्वानंदी म्हणाली, आणि आजी जेवायला हाका मारत असताना ती सुधन्वाला घेऊन सगळ्यात खालचं खोकं ओढायला लागलीसुद्धा.