चैतूभाऊंची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. लोखंडी पाइपची, निळ्या-पांढऱ्या वायरीने विणलेली. चामोर्शीच्या एका वेल्डिंगच्या दुकानात माझा जन्म झाला आणि आठवडी बाजारातून जीपच्या टपावर बसून मी मुलचेऱ्याकडच्या या गावी आले. माझा एक पाय जन्मापासूनच आखूड आहे. दुकानदाराने तो लपवायचा बराच प्रयत्न केला, पण चैतूभाऊंच्या नजरेतून सुटला नाही. ते हसून म्हणाले, "चालते. आमचं मैदान बी वाकडंच हाये."

मित्रांनो, चैतूभाऊ म्हणजे आमच्या गावच्या फुटबॉल टीमचे मॅनेजर. शेजारच्या बंगाली वस्तीतून हे वेड आमच्याकडे आलं. धान कापून झालं की रिकाम्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, सामने रंगू लागले. चैतूभाऊ चुन्याच्या रेषेजवळ मला ठेवायचे आणि माझ्यावर बसायचे. बसायचे कसले! बॉल पुढे गेला की अर्धे उठायचे, "अबे, पास दे न!" म्हणून ओरडायचे आणि धपकन खाली आदळायचे. अशाने माझ्या वायरी सैल झाल्या आणि मधोमध खड्डा पडला. एकदा टीम जिंकली तेव्हा पोरांनी त्यांना माझ्यासकट उचलून गावभर मिरवलं. त्या दिवशी माझा तोरा काही विचारू नका.

गेल्या पावसाळ्यात चैतूभाऊ तापाने गेले.

पुढच्या सामन्याच्या दिवशी रामाजी मला घ्यायला आले. रामाजी त्यांचे लहानपणापासूनचे सोबती आणि टीमचे सगळ्यात मोठ्या आवाजाचे पाठीराखे. त्यांनी मला नेहमीच्या जागी ठेवलं, पाठीवर चैतूभाऊंचा खांद्यावरचा दुपट्टा टाकला, बसायच्या जागी झेंडूचं फूल ठेवलं. पोरांना म्हणाले, "चैतू पाहून राह्यला. नीट खेळा." ते रडले नाहीत. ओरडलेही नाहीत. त्यानंतर दर सामन्याला हेच होत गेलं. माझ्यावर कोणी बसलं नाही. टीम हरत राहिली. लोक यायचे, उभे राहायचे, घरी जायचे. आपल्या पोरांनी गोल केला तरी पायाने माती उकरत राहायचे. माझ्या सांध्यांना गंज धरला. खरं सांगते, मला त्याचं काही वाटलं नाही. बरंही नाही आणि वाईटही नाही.

मग नवा मॅनेजर येणार असं कळलं. सुनिल नावाचा, कुरखेड्याकडच्या जंगलातल्या गावचा तरणा माणूस. त्या दिवशी मला डोक्यावर घेऊन मैदानाकडे जाताना रामाजी सोबतच्या लहानूला म्हणाले, "या खुर्चीत तो बसला न, तं मी मैदानात पाय ठेवनार नाई. आजपासून टीम सोडली समज."

सुनिल मोटारसायकलवरून उतरला तेव्हा सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या. तो सरळ माझ्याकडे आला. दुपट्टा पाहिला, फूल पाहिलं. मग त्याने बूट काढले, वाकला आणि मला हात जोडले. माझ्याजवळ पडलेल्या पोरांच्या पिशव्या उचलून लांब ठेवल्या आणि धानाच्या खुंटांवर अनवाणी उभा राहिला.

भज्यांची कढई सांभाळणारी नीलाबाई म्हणाली, "पोरगा दिसाले बरा हाये, पर खुर्चीले काऊन नमस्कार करते?"

"तंबाखू-सुपारीचा खर्रा देल्ला तं तोबी नाई घेतला," लहानू म्हणाला. "असा मानूस टीम काय चालवन!"

दोघंतिघं हसले. बाकीच्यांनी हसायचेही कष्ट घेतले नाहीत. मध्यंतरापर्यंत सुनिल तसाच उभा होता. शेवटी रामाजी त्याच्याकडे गेले. आवाज कडकच होता.

"काऊन उभा राह्यला?"

"देवाच्या जागी कसा बसू, भाऊ?" सुनिल म्हणाला. "आमच्या गावातबी देवाची जागा हाये. तिथी कोनी चप्पल घालून जात नाई. तुमच्या मैदानाचा देव हाये न हा?"

रामाजींनी माझ्याकडे पाहिलं. किती तरी दिवसांनी ते मला नीट पाहत होते.

"देव नाई, बाबू," ते म्हणाले. "चैतू होता. मेला तो."

'होता' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. सुनिलने विचारलं, "मंग ही कोनाची जागा?"

"खुर्ची हाये. आनखी काय." रामाजींनी दुपट्टा उचलला, झटकला आणि स्वतःच्या खांद्यावर टाकला. फूल बांधावर ठेवलं. "बस तू."

"मले बसून खेळ समजत नाई," सुनिल म्हणाला. "तुमचे गुडघे दुखून राह्यले, मी मघापासून पाहून राह्यलो. तुमी बसा."

रामाजी बसले. चैतूभाऊंच्या मापाचा खड्डा त्यांना मोठा होत होता, त्यामुळे ते जरा आत घसरले. माझा आखूड पाय डुगडुगला. टीम त्या दिवशीही हरली, मित्रांनो. पण सामना संपत आला असताना आपल्या टीमचा गोपाल बॉल घेऊन एकटाच पुढे धावला, तेव्हा रामाजी अर्धे उठले.

"अबे, पास दे न!"

आवाज घोगरा होता. वायरी करकरल्या. ते धपकन खाली आदळले आणि मला दुखलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा दुखलं. नीलाबाई कढईवरून मान वर करून पाहतच राहिली. रामाजींनी दुपट्टा तोंडाला लावला. सामना संपून पोरं पांगली तरी ते उठले नाहीत. सुनिल बूट हातात घेऊन शेजारी थांबला होता.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं कोणी असेल. गेलेल्या माणसाचं म्हणून जपून ठेवलेलं, कोणी हात न लावलेलं. त्याचा गंज पुसा. सैल वायर ओढून घ्या. फूल मात्र ठेवू नका.

मी खुर्ची आहे. बसा.