काविळीची माळ

रविवारी सकाळी सातलाच मारुतीच्या पारापासून रांग पार पिठाच्या गिरणीपर्यंत गेली होती. वाळूजच्या कारखान्यांना लागून असलेल्या त्या कामगार वस्तीत महिनाभर काविळीनं थैमान घातलं होतं. पिवळ्या डोळ्यांची माणसं ओट्यांवर बसून होती आणि पारावर सोयगावकडून आलेला सांडूबाबा हिरव्या काड्यांच्या माळा गळ्यात घालत होता.

"माळ कावीळ पिते! जशी पिते तशी फुगते, लांबते! बेंबीला टेकली की समजायचं, अर्धी कावीळ उतरली. गुडघ्याला टेकली की पेढे वाटायचे! दवाखान्यात गेलात अन् सुई टोचली, की माळ रुसली!"

आणि माळ खरोखर वाढायची. सकाळी गळ्याला घट्ट बसलेली माळ चौथ्या दिवशी छातीवर लोंबायची. डोळ्यांदेखतचा चमत्कार! नाही म्हणणार कोण?

वहिदा मॅडम रांगेच्या कडेला उभ्या होत्या. त्या राहायच्या याच वस्तीत आणि शहरातल्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या. त्याच आठवड्यात त्यांनी वर्गात फळ्यावर लिहिलं होतं, 'आधी फरक नाही असं धरा. मग पुरावा तपासा.' तेच इथं करून बघायचं त्यांनी ठरवलं. आजारी पाहुण्यांची नावं सांगून त्यांनी दहा माळा आणल्या आणि घराच्या मागच्या भिंतीवर दहा खिळ्यांना टांगल्या. गल्लीतल्या दहा आजाऱ्यांच्या माळाही त्या रोज दुपारी कॉलेजला निघण्याआधी टेपनं मोजू लागल्या.

त्या दहांत शेजारच्या साळूबाईची सून द्वारका होती. सातवा महिना, पहिलं बाळंतपण. टेप लावताना ती हसून म्हणायची, "मॅडम, ब्लाउज शिवताय का काय?"

चौथ्या दिवशीच वहीतले आकडे बोलू लागले. आजाऱ्यांच्या माळा सरासरी नऊ इंच वाढल्या होत्या, खिळ्यावरच्याही जवळपास तेवढ्याच. फरक पाव इंचाचासुद्धा नव्हता आणि त्या फरकाच्या विश्वास-अंतरालात शून्य आरामात बसत होतं, म्हणजे फरक आहे असं म्हणायला पुरावाच नव्हता. पण मॅडमना वाटलं, आठ दिवसांचे आकडे असले तर बाबाला पळवाट राहणार नाही. त्या थांबल्या.

पाचव्या दिवशी त्या टेप घेऊन गेल्या तेव्हा द्वारका भर दुपारी गाढ झोपली होती. हाक मारली तर भलतंच बोलली.

"साळूबाई, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. पोटुशी बाईला कावीळ लई वाईट असते."

"अवो, झोप लागतीय म्हंजी उतार हाय. बघा की, माळ बेंबीकडं निघालीय. तिथं सुई टोचत्यात, माळ रुसंल."

मॅडमनी पुन्हा एकदा सांगितलं. साळूबाईनं नकारार्थी मान हलवली. कॉलेजची बस यायची वेळ झाली होती. मॅडम गेल्या.

सहाव्या दिवशी द्वारका बेशुद्ध झाली. जीप करून शहरातल्या दवाखान्यात नेलं, पण सातव्या दिवशी ती गेली. पोटातलं बाळही गेलं.

पुढच्या रविवारी पारावर पुन्हा रांग होती. वहिदा मॅडम दहा माळा हातावर घेऊन पुढं झाल्या.

"या माळा आठ दिवस माझ्या भिंतीवर होत्या. बघा, किती लांबल्यात. भिंतीला कावीळ झाली होती का? ओल्या काड्या आहेत या. वाळल्या की आकसतात, दोऱ्याच्या गाठी सैल पडतात, दोरा सुटत जातो. म्हणून माळ लांबते."

सांडूबाबा हसला. "बाई शिकलेली हाय! पर माझ्या चाळीस माणसांतली अडतीस बरी झाली, त्येचं काय?"

"मी घरोघर विचारलंय. वीस जणांनी माळ घातलीच नाही. त्यांतले एकोणीस बरे झाले. चाळीसात अडतीस, वीसात एकोणीस. हिशेब एकच येतो. ही कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते, बाबा. तुम्ही फक्त श्रेय उचलता."

"भिंतीची माळ खोटी! अंगावरची खरी! अंगावरचीच कावीळ पिते!" बाबा ओरडला. चारदोन माना डोलल्या.

तेवढ्यात रांगेमागून साळूबाई आली. तिच्या हातात एक माळ होती. ती बाबाशी बोलली नाही, लोकांशी बोलली.

"ही माझ्या सुनंची. सरणावर ठिवायच्या आधी गळ्यातून काढली, तवा हितवर व्हती." तिनं मधली एक काडी धरून दाखवली. "घरी खुंटीला अडकवली. आज बघा. दोन बोटं आणखी वाढलीय. ती तर जळून गेली. मंग ही कुणाची कावीळ पितीय?"

रांग मोडली, पण सगळी नाही. सातआठ जण खाली मान घालून तिथंच उभे राहिले. महिन्याभरात बाबा लासूर स्टेशनला माळा वाटताना दिसला. पहिल्याच दिवशी वहिदा मॅडम आणि साळूबाई आपल्या माळा घेऊन तिथं पोचल्या.

एकदा बसमध्ये मॅडम म्हणाल्या, "चौथ्या दिवशीच मला कळलं होतं, साळूबाई."

"मला तर तुमी पाचव्या दिशी सांगितलं व्हतं," साळूबाई म्हणाली.

वाचकहो, कावीळ झाली तर रक्त तपासा. पाणी उकळून प्या. घरात पोटुशी बाई आजारी पडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. माळ किती वाढली ते मोजू नका. माणसं किती वाचली, किती गेली, ते मोजा, आणि माळ न घालणारीही त्यात धरा. आणि मोजून जे कळेल, ते लगेच, मोठ्यानं सांगा.