दोन वेढ्यांचा पट्टा

मित्रांनो, दारामागच्या खिळ्याला लटकणारा, कडेने विरलेला हा जाड कापडी पट्टा म्हणजे मी. दुपारी शिलाई मशीन सुरू झालं की मला डुलकी लागते आणि त्या घरघरीत जुने दिवस तरंगत येतात.

माझा जन्म याच मशीनवर झाला. आमच्या शिंपीणबाईंनी पिशव्यांच्या कापडाची उरलेली पट्टी दुमडली, तीन शिलाया मारल्या आणि टोकाला पितळी हूक लावला. हे सगळं दुकानाच्या पायरीवर सापडलेल्या कुत्र्याच्या दीड वितीच्या पिल्लासाठी. ते मशीनखाली गुंडाळी करून बसायचं, म्हणून मशीनमधल्या दोऱ्याच्या छोट्या रिळावरून त्याचं नाव बॉबिन.

बॉबिन गोड होतं, पण महाभित्रं. गिऱ्हाईक माप द्यायला आलं की त्याची पाचावर धारण बसायची. ते भुंकायचं, दात दाखवायचं आणि शेवटी जमिनीवर तळं करायचं. एकदा त्याने एका कारकुनाची नवी पँट फाडली. स्वतः शिवलेली पँट बाईंना स्वतःच रफू करून द्यावी लागली.

बाईंच्या थोरल्या बहिणीने, ताईने, निक्षून सांगितलं की अशाने गिऱ्हाईक तुटेल. रविवारपर्यंत पिल्लू सुधारलं नाही, तर ती त्याला ओळखीच्या गोदामात राखणीला देणार होती. तिथे कुत्रं दिवसभर खांबाला बांधलेलं असे. त्या दिवशी बाईंची शिलाई दोनदा वाकडी गेली.

मग आमचं फिरणं सुरू झालं. सकाळी रस्ता अर्धा झोपेत असायचा. माणसं धुक्यातून उमटायची आणि पुन्हा विरून जायची. समोर कुत्रं दिसलं की बाई मला मुठीभोवती दोन वेढे देऊन खेचून धरत. आपण पिल्लाला सांभाळतोय, असं त्यांना वाटे. मी मात्र दोघांच्या मधोमध होतो. बाईंच्या मुठीतली थरथर माझ्यातून बॉबिनच्या मानेपर्यंत पोचायची आणि मगच ते भुंकायचं. पण पट्ट्याचं कोण ऐकतं? आणि खरं सांगू, ताणला गेलो की मलाही वाटायचं, आपण किती कामाचे.

शनिवारी घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा त्यांच्या म्हाताऱ्या काळ्या कुत्रीला घेऊन समोरून आले. बाईंनी लगेच वेढे दिले. आजोबा लांबच थांबले आणि त्यांनी कुत्रीला खाली बसवलं.

"पिल्लाआधी तुम्हीच घाबरताय, बाई," ते म्हणाले. "हात जरा सैल सोडा."

"आणि भांडली तर?"

"माझी म्हातारी भांडत नाही. कसं वागायचं ते ती शिकवेल त्याला."

बाईंनी एक वेढा सोडला. बऱ्याच वेळाने दुसरा. मी झोळीसारखा खाली लोंबलो. बॉबिन एक पाऊल पुढे जाई, दोन मागे येई. म्हातारी तोंड फिरवून बसली होती, जणू तिला पत्ताच नाही. शेवटी बॉबिनने तिच्या कानाचा वास घेतला आणि त्याची शेपूट हलू लागली. ते हलणं माझ्यातून बाईंच्या तळहातापर्यंत गेलं. त्या रस्त्याच्या कडेलाच बसल्या आणि रडल्या. मलाही भरून आलं.

रविवारी ताई आली. बाईंनी मला तिच्या हातात दिलं आणि ओढू नकोस, एवढंच सांगितलं. तेव्हा मला कळलं, ताईचाही हात थरथरत होता. एवढी करारी बाई, पण कुत्र्याला भीत होती. बॉबिन जरासं गुरगुरलं. ताईने श्वास रोखला, पण मला ओढलं नाही. बॉबिनने तिच्या चपला हुंगल्या, दोन जांभया दिल्या आणि तिच्या पावलावर मान टाकून ते झोपून गेलं.

ताई कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "पाय हलवला तर चालेल का गं?"

"नको," बाई म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

मित्रांनो, त्याला आता बरीच वर्षं झाली. बॉबिन गिऱ्हाइकांच्या पायांत खुशाल घोरतं, त्याला माझी गरज उरलेली नाही. मी तुटलो तरी हळहळू नका. पण कधी एखादं पिल्लू घरी आणलंत, तर ते लहान असतानाच त्याला माणसांत आणि कुत्र्यांत हळूहळू न्या. आणि ते भ्यालं, तर त्याच्यावर ओरडण्याआधी एकदा स्वतःच्या मुठीकडे बघा.