फडक्यावरच्या चांदण्या

मी एक जुना ऑइल फिल्टर आहे. मोटरसायकलचा, आणि तोही पोलादी जाळीचा, कागदाचा नव्हे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या जातकुळीत एवढाच काय तो मान. कागदी फिल्टर म्हणजे एका तेलापुरता पाहुणा. तेल बदललं की त्याची रवानगी कचऱ्यात. मला मात्र धुवायचं, पुसायचं आणि पुन्हा जागेवर बसवायचं. इंजिनमध्ये तेल फिरतं, त्यातला चुरा आणि मळ मी अडवतो. थोडक्यात, दुसऱ्याची घाण अंगावर घेणं हे माझं काम. त्याची मला कधी लाज वाटली नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच एका गोष्टीची, आणि तीच सांगायला बसलोय.

मला कुणी दुकानातून आणलं नाही. माझे मालक कारखान्यात लेथ चालवायचे. लोखंडाचा तुकडा हातात घेऊन नुसत्या नजरेनं सांगायचे, "सूतभर जास्त आहे." मोजून बघावं, तर नेमकं तेवढंच जास्त निघायचं. म्हणून सगळे त्यांना सूतभरमामा म्हणायचे. त्यांच्या मोटरसायकलला तेव्हा कागदी फिल्टर लागे आणि दर वेळी तो फेकताना मामा कुरकुरत. कागद तो कागद, भिजला की गेला, असं त्यांचं म्हणणं. शेवटी एका सुट्टीत त्यांनी लेथवर माझ्या दोन्ही बाजूंच्या चकत्या काढल्या, मध्ये बारीक जाळी घड्या घालून बसवली आणि मला फुंकर मारली. इतक्या नेटक्या हातांनी आपण घडलो, याचा मला फार गर्व होता. अजूनही थोडा आहे.

तेल बदलायचा दिवस म्हणजे आमच्या घरातला मोठा दिवस. मागच्या खोलीत खिडकीपाशी टेबल होतं. मामा त्यावर पांढरं फडकं अंथरायचे, मला त्याच्यावर हलकेच आपटायचे आणि माझ्या घड्यांतला काळा गाळ त्या फडक्यावर पसरायचा. मग टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकून त्यांची लेक बघत उभी राहायची. तिची आई लवकर गेली होती. घरात ही दोघंच. गाळात धातूचे कण चमकायचे, त्यांना ती चांदण्या म्हणायची. मामांनी तिला शिकवलं होतं, तीन-चार चांदण्या असल्या तर इंजिन ठणठणीत. दाटी झाली तर गाडी तिथेच उभी करायची, मग कुणी काही म्हणो. ती बोट न लावता मोजायची आणि एकही नसली की ओरडायची, "आकाश कोरं!" त्यानंतर मला रॉकेलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशनं घासायचं, खिडकीच्या उजेडाला धरून एक फेरा फिरवायचं आणि परत गाडीत. फडकं मात्र तसंच घडी घालून डब्यात जायचं, ते धुवायचं पुढच्या वेळी.

वर्षं गेली. लेक नर्स झाली. जे आजारी अंथरुणातून उठू शकत नाहीत त्यांच्या घरी जाऊन ती इंजेक्शनं द्यायची, जखमा बांधायची. म्हाताऱ्या माणसांना तर तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात चालत नसे. सुई कधी टोचली ते कळतच नाही, म्हणायचे. मोटरसायकल तिचीच झाली. मामा निवृत्त झाले, पण मला धुण्याचं काम त्यांनी सोडलं नाही. लेक आता टेबलापाशी येत नसे. तिला सकाळी घाई असायची. ती दारातूनच विचारायची, मामा खिडकीपाशी बसूनच उत्तर द्यायचे.

मामांची नजर अधू होऊ लागली हे सगळ्यांत आधी मला कळलं. मला कळणारच हो, मी त्यांच्या हातात होतो! पूर्वी ते मला उजेडाला धरून बघायचे, आता नुसतंच धरायचे. ब्रश एकाच घडीवर दोनदा फिरायचा आणि शेजारची घडी तशीच राहायची. चहा ओतताना कपाच्या कडेला बोट लावून ठेवायचे, म्हणजे कप भरला की चटका बसून कळावं. पण ताकाला तूर लागू देतील तर शपथ! ज्या माणसाचं नावच नजरेवरून पडलंय, त्यानं 'मला दिसत नाही' हे म्हणायचं कसं?

लेकीलाही ते ठाऊक होतं. बशीत सांडलेला चहा तीच पुसायची. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला तिनं एकदा विचारलं, जाळीचा फिल्टर बरा की कागदाचा? तो म्हणाला, कागद जास्त बारीक कचरा धरतो, जाळी पोटातलं दाखवते. पण दाखवून उपयोग काय, बघणारा पाहिजे. तिनं कागदी फिल्टर विकत घेतला, घरी आणला आणि औषधांच्या कपाटात कापसाच्या मागे लपवून ठेवला. बाबांच्या हातून एवढं एक कामही काढून घ्यायचं तिच्या जिवावर आलं. तो खोका पाच महिने तिथेच पडून होता.

मग तो दिवस आला. मामांनी फडकं अंथरलं, मला आपटलं. माझ्या घड्यांतून जे पडलं ते बघून मीच हादरलो. इंजिनातलं एक पितळी बुश, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीचं कडं, झिजून त्याचा चुरा होत होता. फडकं नुसतं चमचमत होतं. चांदण्या कसल्या, मोजायलासुद्धा जागा नव्हती. मामांनी फडक्यावर वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. लेक दारात उभी होती, एका पायात चप्पल घातलेली. दारापासून टेबल चार पावलांवर. तिनं विचारलं, "काय बाबा, कसं आहे?"

मामा म्हणाले, "आकाश कोरं आहे."

मी मनात म्हणत होतो, ये ना गं, चारच पावलं आहेत. पण बाबांवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल म्हणून ती आली नाही. तिनं दुसरी चप्पल घातली.

अकराव्या दिवशी पुलाच्या उतारावर इंजिन जाम झालं. मी आतच होतो. चुऱ्यानं माझ्या घड्या बुजल्या, तेल पुढे जाईना, आणि मागचं चाक एकदम थांबलं. ती उजव्या हातावर पडली. जीव वाचला, पण मनगटाची हाडं तीन ठिकाणी मोडली. हात जुळला, अंगठा मात्र आता बोटांपर्यंत पोचत नाही. त्या हातानं पेला धरता येतो, सुई नाही.

दवाखान्यातून ती घरी आली त्या दिवशी मामांनी डबा उघडला. घडी घातलेलं फडकं काढून तिच्या मांडीवर ठेवलं.

"खरं सांग," ते म्हणाले. "किती होत्या?"

तिनं डाव्या हातानं फडकं उलगडलं. मला वाटलं, आता ही खोटं बोलणार, प्रेमापोटी बोलणार. पण तिनं त्यांचं बोट धरलं आणि त्या खरखरीत चुऱ्यावरून फिरवलं. म्हणाली, "मोजता येणार नाहीत इतक्या. आणि मी दारात होते, बाबा. मला माहीत होतं तुम्हाला दिसत नाही."

मग दोघंही रडली. लेथवर चाळीस वर्षं काढलेला माणूस लहान मुलासारखा रडताना मी पाहिला. घरात तिघांना सगळं ठाऊक होतं आणि तिघंही मूग गिळून बसलो होतो. मला तोंड नाही, हे कारण मी देऊ शकतो. त्यांना तेही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मामा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही. दोन वर्षं आधी आले असते तर ती वाचवता आली असती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लेक आता दवाखान्यात टेबलाशी बसून नावं लिहून घेते, डाव्या हातानं. मेकॅनिकनं गाडी दुरुस्त केली, कपाटातला तो कागदी फिल्टर बसवला आणि गाडी विकली गेली. मी त्या पाहुण्याला नावं ठेवत नाही आता. तो निदान एका तेलानंतर बदलला जातो. मी मात्र वर्षानुवर्षं टिकणार म्हणून माझ्याकडे नीट बघायचंच राहून गेलं.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. टिकाऊ वस्तू घरात आणली की तिच्याकडे बघायचं कामही घरात येतं, आणि ते जमेनासं झालं तर तसं मोकळेपणानं सांगा. आणि तुमच्या घरी कुणी न सांगता बोटानं कप चाचपत असेल, तर मानाचा प्रश्न करत बसू नका. चार पावलं चालून जवळ जा.

मी आता त्या खिडकीत असतो. गाडी विकल्यापासून इतक्या वर्षांत थेंबभर तेल अंगाला लागलं नाही. रोज सकाळी मामा मला चाचपून उचलतात, उजेडाला धरतात, एक फेरा फिरवतात आणि विचारतात, "बघ गं, कसं आहे?"

तिची कामाला निघायची वेळ झालेली असते. तरी ती पायातली चप्पल काढते, दारापासून टेबलापर्यंत येते, वाकून माझी घडीन् घडी बघते आणि मगच सांगते, "कोरं आहे, बाबा."